समुद्राकाठी घर शोधताय? आधी स्टेशन बघा, मग समुद्र

समुद्राजवळ राहायचं आणि शहरात नोकरी करायची, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. ते जमतंही. अडचण एवढीच, की घर बघायला माणूस जातो तो सुट्टीच्या दिवशी, दुपारी, छान ऊन असताना. तेव्हा समुद्र डोळ्यांसमोर असतो आणि सकाळची साडेसातची गाडी कुठेच दिसत नाही. राहायला गेल्यावर हे उलटं होतं. समुद्र भेटतो शनिवार-रविवारी, गाडी मात्र रोज भेटते.

म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय: आधी प्रवास, मग किनारा, सगळ्यात शेवटी घर. नव्या शहरात नुकतेच आलेले, कुठलं उपनगर कुठे आहे हेही धड माहीत नसलेले, अशांसाठी हे लिहिलंय. शहर कुठलंही असलं तरी भरती-ओहोटी, वारा, मीठ आणि गर्दीची वेळ या चार गोष्टी सगळीकडे जवळपास सारख्याच वागतात.

पायरी १: किती वेळ देणार ते आधी ठरवा

‘शहरापासून फक्त ३५ मिनिटं’ हे वाक्य जाहिरातीतलं असतं. ती ३५ मिनिटं स्टेशन ते स्टेशन, गाडी वेळेवर असताना. तुम्ही मात्र घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोजा. लिफ्टची वाट, स्टेशनपर्यंतची चाल, गाडीची वाट, गाडी बदलताना जिन्यांची चढउतार, शहरात उतरल्यावरची चाल. ३५ मिनिटांना आणखी २५-३० मिनिटं सहज चिकटतात.

चालण्याचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला साधारण ८० मीटर, म्हणजे ८०० मीटरला दहा मिनिटं. वाट बघण्याचा हिशोब जरा फसवा. दर २० मिनिटांनी बस असेल आणि तुम्ही वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात, तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. पण ती बस पुढच्या गाडीला जोडून घ्यायची असेल तर एक बस चुकणं म्हणजे पूर्ण २० मिनिटांचा फटका. शिवाय थांब्यावर उभं राहून गेलेलं एक मिनिट गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा लांब वाटतं. वाहतुकीचं नियोजन करणारे लोकही वाट बघण्याचा वेळ साधारण दुप्पट धरून हिशोब मांडतात. त्यामुळे दोन गाड्या बदलून ४५ मिनिटांत पोचवणारं उपनगर आणि एकाच गाडीने ५५ मिनिटांत पोचवणारं उपनगर यांत मी डोळे झाकून दुसरं निवडेन.

आता वर्षाचं गणित. आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ४६ कामाचे आठवडे धरा, म्हणजे २३० दिवस. एका बाजूला फक्त १० मिनिटं वाढली तरी वर्षाला ७६ तास जास्त जातात. आठ तासांचा दिवस धरला तर साडेनऊ दिवस. घरमालकाशी घासाघीस करताना भाड्यातल्या फरकासमोर हे तास मांडून बघा.

मर्यादा किती असावी? इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन मांडलं होतं, की वाहन कुठलंही असो, माणसं दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतात. वेग वाढला की वेळ वाचत नाही, माणूस आणखी लांब राहायला जातो. स्वित्झर्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २००८ मध्ये दाखवलं, की लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त किंवा मोठ्या घराने व्हायला हवी, पण तशी ती होत नाही. प्रवास जितका लांब तितकं समाधान कमी नोंदलं जातं. मोठ्या खिडकीची सवय लवकर होते. उभ्याने केलेल्या प्रवासाची तशी होत नाही.

रोज जायचं असेल तर दारापासून दारापर्यंत एका बाजूला ६० मिनिटं ही शेवटची मर्यादा धरा, असं माझं मत. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर ८०-९० मिनिटंही चालतात. मात्र घरून काम करायची सवलत तुमच्या करारात लिहिलेली आहे की साहेबांच्या मर्जीवर आहे, हे आधी बघा. मर्जीवर असेल तर पाच दिवसांचाच हिशोब करा.

पायरी २: नकाशावरचं अंतर विसरा

सपाट मैदानातल्या शहराला चारी बाजूंनी रस्ते असतात. समुद्राकाठच्या शहराचं अर्धं वर्तुळ पाण्यात गेलेलं असतं. राहिलेल्या अर्ध्यात सगळ्यांनी येजा करायची, आणि त्यातही किनाऱ्याला समांतर जाणारा एक रस्ता आणि एक लोहमार्ग बहुतेकांचा भार वाहतो. मागे डोंगर असेल तर ही पट्टी आणखी अरुंद होते.

त्यात खाड्या. नकाशात घर आणि स्टेशन यांच्यामध्ये बोटभर निळी रेघ दिसते. गच्चीवरून पलीकडची गाडीही दिसते. पण पूल वरच्या अंगाला सात किलोमीटरवर असतो. किनाऱ्यावर सरळ रेषेतलं अंतर काही सांगत नाही, हे मनावर ठसवून घ्या. उपनगर भूशिरावर किंवा वाळूच्या लांब दांड्यावर असेल तर आणखी सावध राहा, कारण तिथे आत-बाहेर करायला रस्ता एकच असतो. टोकाशी राहणाऱ्याला मधल्या प्रत्येक वस्तीची गर्दी सोसावी लागते.

नकाशा उघडून तीन खुणा करा. पहिली, ऑफिसची. ‘शहर’ नव्हे, ऑफिस. शहराच्या मध्यापर्यंत लवकर पोचून तिथून ऑफिसला जायला अर्धा तास लागणार असेल तर त्या लवकर पोचण्याला अर्थ नाही. दुसरी, ऑफिसपासून चालत जाता येतील अशी सगळी स्टेशनं, धक्के, बसथांबे. तिसरी, त्यांपैकी प्रत्येकावर थेट येणारे मार्ग, ते किनाऱ्याला जिथे टेकतात तिथपर्यंत. या मार्गांवरच्या थांब्यांभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढा. तुमचं घर या वर्तुळांपैकी एकात असायला हवं. इतक्याने निम्मी उपनगरं यादीतून जातात आणि शोध हलका होतो.

दलाल या वेळी एक गोष्ट हमखास सांगेल: लवकरच इथे मेट्रो येतेय, पूल होतोय, नवा रस्ता मंजूर झालाय. येईलही. पण आज ज्या गाडीत बसता येत नाही ती गाडी हिशोबात धरायची नाही. आणि नवा रस्ता झालाच, तर तो गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. मोकळ्या रस्त्याकडे इतर वेळी जाणारे, इतर वाटांनी जाणारे आणि इतर वाहनांनी जाणारे असे तिघेही वळतात.

पायरी ३: वाहन निवडा, कारण उपनगर त्याच्या मागून येतं

रेल्वे असेल तर रेल्वे. स्वतःची वाट असते, सिग्नलला अडकत नाही. मार्गावरचं प्रत्येक स्टेशन मात्र सारखं नसतं. जलद गाडी थांबते ते स्टेशन आणि त्याच्या पुढचं, जिथे ती थांबत नाही, यांत पाच मिनिटांचं अंतर असलं तरी रोजचा फरक वीस मिनिटांचा पडू शकतो. मार्गाच्या अगदी टोकाला राहण्याचा मोठा फायदा म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते. तोटा असा, की काही बिघडलं की टोकाकडच्या फेऱ्या आधी कमी होतात, गाड्या अलीकडूनच परत फिरवल्या जातात. वेळापत्रकात बघा की सगळ्या गाड्या टोकापर्यंत जातात की एकाआड एक. शेवटची गाडी किती वाजता, हेही लिहून ठेवा. महिन्यातून एकदा तरी उशीर होतोच, आणि त्या दिवशी टॅक्सीचे पैसे जातात.

बस चालते, पण तिला वेगळी मार्गिका असेल तरच वेळेचा भरवसा. नाहीतर ती मोटारींच्याच रांगेत उभी असते.

मोटारीने जाणार असाल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती बघा: उपनगर शहराच्या कुठल्या दिशेला आहे. पश्चिमेला असेल तर सकाळी तुम्ही पूर्वेकडे, म्हणजे उगवत्या सूर्याकडे तोंड करून गाडी चालवणार, आणि संध्याकाळी परतताना मावळता सूर्य पुन्हा समोर. पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा ऊन पाठीवर. वर्षातल्या कित्येक दिवसांत हा फरक डोळ्यांना आणि रस्त्यावरच्या वेगालाही जाणवतो. शहरातल्या पार्किंगचा खर्चही धरा, आणि समुद्राकाठी गाडी उघड्यावर राहणार असेल तर गंजाचाही.

आता बोट. किनारी उपनगराचं खरं आकर्षण हेच, आणि इथेच नवखा माणूस फसतो. खाडी ओलांडायची असेल तर बोटीसारखं सुख नाही. रस्त्याने तासाभराचं अंतर पंधरा-वीस मिनिटांत होतं, बसायला मिळतं, वारा लागतो. पण तिकीट काढण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक, धक्का कशावर उभा आहे. तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे भरती-ओहोटीचा त्रास कमी. पायऱ्यांचा पक्का धक्का आणि समोर उथळ पाणी असेल तर ओहोटीला बोट लागतच नाही किंवा लांब थांबते. यातली मेख अशी: भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे ज्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात तिथे या मंगळवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या मंगळवारी आठच्या सुमाराला ओहोटी असते. तुम्ही ज्या दिवशी बघायला गेलात त्या दिवशी बोट झकास लागली, याचा अर्थ पुढच्या आठवड्यात लागेलच असा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. बोटीचं वेळापत्रक आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून दोन आठवडे ताडून बघितले की धक्क्याची परीक्षा होते.

दोन, बोट खुल्या समुद्रातून जाते की आडोशाच्या पाण्यातून. खाडीतली किंवा बंदरातली बोट वाऱ्याला फारशी जुमानत नाही. खुल्या समुद्राचा छोटासा तुकडाही वाटेत असेल तर लाटा वाढल्या की फेरी रद्द.

तीन, वर्षातून किती दिवस सेवा बंद असते आणि त्या दिवशी बदली बस मिळते का. काही ठिकाणी वादळी हंगामात बोटी महिनोन्महिने बंदच असतात. धुक्याचंही विचारा, थंड पाण्यावरून उबदार दमट हवा सरकली की किनाऱ्यावर दाट धुकं उतरतं आणि आत दोन किलोमीटरवर लख्ख ऊन असतं.

चार, बोटीत जागा किती आणि सकाळी रांग किती. रेल्वेत उभ्याने कोंबून जाता येतं, बोटीत मोजकीच माणसं घेतात. ती भरली की पुढची, आणि पुढची अर्ध्या-पाऊण तासाने.

बोट पहिली पसंती असली तरी घर असं घ्या की बोटीशिवायही ऑफिस गाठता येईल.

पायरी ४: वाईट दिवसाची चौकशी

सरासरीवर विश्वास ठेवू नका. दहापैकी नऊ वेळा किती मिनिटांत पोचता येतं, तो आकडा शोधा. समजा एका उपनगरातून नेहमी ५० मिनिटं लागतात, कधी पाच कमी कधी पाच जास्त. दुसऱ्यातून एरवी ४० लागतात, पण आठवड्यातून एकदा ७५. ठरल्या वेळी हजर राहायचं असेल तर दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला रोजच ७५ मिनिटं आधी निघावं लागेल. कागदावर जवळ असलेलं उपनगर प्रत्यक्षात लांब निघालं.

किनाऱ्यावर वाईट दिवस कशाने येतो? तीन कारणं ठळक. पहिलं, भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणं. पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की ते अडतं आणि रस्त्यावर, रुळांवर साचतं. ओहोटी लागेपर्यंत ते हलत नाही. त्यामुळे मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी स्थानिक माणूस आधी भरतीची वेळ बघतो. दुसरं कारण वादळ. कमी दाबाच्या क्षेत्रात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने वर येते, आणि वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो ते वेगळंच. हे उधाणाच्या वेळी घडलं तर पाणी बंधाऱ्यावरून आत येतं.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं: रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही एकाच पट्टीत असणं. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या डॉलिश इथे लोहमार्ग अगदी समुद्राला चिकटून जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये वादळाने तिथली समुद्रभिंत फोडली, रूळ अधांतरी लोंबकळले, आणि मार्ग पुन्हा सुरू व्हायला ४ एप्रिल उजाडला. त्यापलीकडच्या साऱ्या गावांची मुख्य रेल्वे त्या एका पट्टीवरून जात होती. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळानंतर जमैका उपसागर ओलांडून रॉकअवेला जाणारा मेट्रोमार्ग ३० मे २०१३ पर्यंत बंद होता. सात महिने. असं रोज होत नाही, पण घर वीस-पंचवीस वर्षांसाठी घेणार असाल तर विचारात घ्यावंच लागतं.

म्हणून ‘दुसरा मार्ग आहे का’ एवढं विचारून थांबू नका. पहिला ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने दुसराही बंद पडतो का, ते विचारा. समुद्राला लागून जाणाऱ्या रेल्वेला समुद्राला लागूनच जाणारा रस्ता हा पर्याय नव्हे. आतून, उंचावरून जाणारी बस, मग ती वीस मिनिटं जास्त घेत का असेना, हा पर्याय.

ही माहिती कार्यालयांत मिळण्यापेक्षा फलाटावर चांगली मिळते. सकाळच्या गाडीची वाट बघणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा, ‘गेल्या वर्षी किती वेळा अडकलात?’ लोक उत्साहाने सांगतात. अडकल्याच्या गोष्टी सांगायला सगळ्यांनाच आवडतं.

पायरी ५: समुद्रापासून नेमकं किती लांब

इथपर्यंत यादीत दोन-तीन उपनगरं उरलेली असतील. आता समुद्र.

पहिली ओळ, म्हणजे खिडकीतून लाटा दिसतात ती, सगळ्यांना हवी असते. माझा सल्ला: रोज शहरात जाणाऱ्याने ती सोडावी आणि स्टेशनच्या बाजूच्या चौथ्या-पाचव्या गल्लीत राहावं. समुद्र तिथूनही चालत दहा मिनिटांवर असतो, आणि मधली घरं वारा अंगावर घेतात.

कारण मीठ. फुटणाऱ्या लाटांमधून खाऱ्या पाण्याचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. पहिल्या काहीशे मीटरमध्ये त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त, मग झपाट्याने उतरतं. मोठ्या लाटा फुटणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर हा मारा खूप, आडोशाच्या खाडीकाठी बराच कमी. लोखंडाची ग्रिलं, खिडक्यांच्या बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं यंत्र, सायकलची साखळी, सगळ्यांचं आयुष्य घटतं. हवेमुळे धातू किती गंजेल यावरून ठिकाणांची वर्गवारी करणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२२३. त्यात सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याही वर सीएक्स अशा पायऱ्या आहेत, आणि लाटांच्या तोंडावरची ठिकाणं वरच्या पायऱ्यांत येतात. स्टीलचे कठडे असतील तर ग्रेड विचारा. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत टिकतं. नेहमीच्या ३०४ वर तपकिरी डाग लवकर येतात.

इमारतीत जाण्याआधी तिला बाहेरून एक चक्कर मारा. समुद्राकडची बाजू बघा. गच्चीच्या कठड्याखाली, बाल्कनीच्या तळाशी काँक्रीट फुगलंय, तडे सळईच्या रेषेत गेलेत, गंजाचे ओघळ आलेत, असं दिसलं तर मीठ आत सळईपर्यंत पोचलंय. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट उडवते. वरून रंग मारला की सहा महिने सगळं छान दिसतं, त्यामुळे नुकतीच रंगवलेली जुनी इमारत असेल तर जरा जास्त बारकाईने बघा. तळमजल्याच्या भिंतींना लोणा लागलाय का, तेही बघा.

मग उंची. किनाऱ्यापासूनच्या अंतरापेक्षा भरतीच्या पातळीपासूनची उंची महत्त्वाची. समुद्रापासून शंभर मीटरवर, टेकडीवरचं घर सुरक्षित असू शकतं आणि दीड किलोमीटर आत, खाडीच्या मागच्या सखल भागातलं घर दरवर्षी पाण्यात जाऊ शकतं. खाडीचं पाणी मागच्या दाराने येतं, हे बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. पूररेषेचे नकाशे उपलब्ध असतील तर बघाच. नसतील तर तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशाला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. विजेचे मीटर, पाण्याचा पंप, लिफ्टची यंत्रणा तळघरात आहे की वर, यावर वाईट दिवसानंतरचे पंधरा दिवस कसे जातील ते ठरतं.

विकत घेणार असाल तर आणखी एक आकडा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालानुसार जगातली सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. याच वेगाने २५ वर्षांच्या कर्जफेडीच्या काळात नऊ सेंटिमीटर होतात. थोडे वाटतात, पण बंधारा आणि उधाणाची पातळी यांच्यात जिथे वीतभरच फरक आहे तिथे ते पुष्कळ आहेत. भरावावर वसलेल्या भागात जमीन खचतही असते, तेव्हा फरक दुप्पट वेगाने कमी होऊ शकतो. किनारा मागे सरकतोय का, हे गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं एकामागून एक लावून घरबसल्या कळतं. कातळाचा किनारा फारसा हलत नाही. वाळूचा आणि मातीच्या कड्यांचा हलतो.

वाऱ्याचाही थोडा विचार करा. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलटे वाहतात. मागच्या बाजूला सांडपाण्याचं केंद्र किंवा कचऱ्याचं मैदान असेल तर दुपारी घर बघताना त्याचा पत्ताही लागत नाही. रात्री अकराला जाऊन उभं राहिलं की लागतो.

पायरी ६: दोन्ही हंगाम बघा

समुद्राकाठच्या बऱ्याच वस्त्या दोन वेगवेगळी गावं असतात: पर्यटकांच्या हंगामातलं एक, उरलेल्या महिन्यांतलं दुसरं. हंगामात रस्ते भरतात. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही घरी परतत असता तेव्हा सारं शहर तुमच्याच रस्त्याने समुद्राकडे निघालेलं असतं. आठवड्याचा सगळ्यात लांब प्रवास शुक्रवारचाच. हंगाम संपला की फेऱ्या कमी होतात, अर्धी दुकानं बंद होतात. वेळापत्रक बघताना ते कुठल्या महिन्यांसाठी आहे ते वरच्या ओळीत वाचा. औषधाचं दुकान, दवाखाना, शाळा बाराही महिने चालू असतात का, हे विचारा. रात्री तातडीने जायला जवळचं मोठं रुग्णालय कुठे आणि वाटेत तो एकुलता एक पूल आहे का, तेही.

भाडेकरारातही हंगाम लपलेला असतो. काही घरमालक पर्यटक नसलेल्या महिन्यांपुरतंच घर देतात आणि हंगाम आला की रिकामं करायला सांगतात. बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं दिसलं की आधी हे तपासा.

पायरी ७: रंगीत तालीम, मग भाडं, मग खरेदी

निवडलेल्या उपनगरात कामाच्या दिवशी, शक्यतो वाईट हवेत, सकाळी जाऊन उभे राहा. घर मिळालेलं नसलं तरी चालेल. त्या गल्लीच्या तोंडापासून निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. ऑफिसची बॅग, लॅपटॉप, छत्री सगळं बरोबर घ्या, कारण रिकाम्या हातांनी केलेल्या प्रवासात गर्दी कळत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी परत या. परतीचा प्रवास वगळू नका. बहुतेक लोक सकाळचा बघतात आणि खरा थकवा संध्याकाळी येतो. अंधार पडल्यावर स्टेशनपासून घरापर्यंतची वाट कशी आहे, दिवे आहेत का, वाऱ्यात छत्री टिकते का, ते त्याच फेरीत कळतं. एक फेरी साध्या दिवशी आणि एक शुक्रवारी करा. घरात आणखी कुणी नोकरी करणारं असेल तर त्यांनी त्यांची फेरी वेगळी करावी. एकाला सोयीचं आणि दुसऱ्याला दीड तास, असं घर दोघांनाही पुरत नाही.

त्यानंतरही लगेच विकत घेऊ नका. वर्षभर भाड्याने राहा, म्हणजे सगळे हंगाम, सगळी उधाणं, बोट बंद असण्याचे दिवस अंगाखालून जातात. करार करताना घर सोडायची सूचना किती आधी द्यावी लागते ते बघा. एक-दोन महिन्यांची असेल तर उत्तम, अकरा महिने अडकवणारी असेल तर वाटाघाट करा. गंजणाऱ्या गोष्टींची दुरुस्ती कोणाकडे, म्हणजे ग्रिल, नळ, एसी, हे लेखी घ्या. राहायला गेल्या दिवशी त्यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर आधीपासूनचा गंज सोडताना तुमच्या अनामत रकमेतून कापला जातो.

प्रवासाचा पास पहिल्यांदा महिन्याचाच काढा. वर्षाचा स्वस्त पडतो हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी तो परत करताना हातात फार थोडं येतं.